गुणग्राहक

नाटक पाहून घरी परतताना प्रेक्षक नायकाच्या अभिनयाविषयी बोलतात, गायकाच्या ताना आठवतात आणि विनोदी नटाची नक्कल करून पुन्हा एकदा हसतात. आरंभी रंगमंचावर येऊन खेळाची ओळख करून देणाऱ्या सूत्रधाराची आठवण मात्र सहसा कोणी काढीत नाही. दुसऱ्यांस पुढे आणावे आणि आपण बाजूस सरावे, हेच त्याचे काम. अशा कामात सारा जन्म घालवून कोणी लोकप्रिय होईल, हे खरे वाटत नाही. परंतु अमेरिकेत असा एक मनुष्य होऊन गेला. त्याला गाता येत नव्हते, नाचता येत नव्हते, विनोदही रंगवून सांगता येत नव्हता. कॅमेऱ्यापुढे उभा राहिला की त्याचे खांदे आखडत आणि चेहरा दगडासारखा होई. तरीही तेवीस वर्षे दर रविवारी रात्री कोट्यवधी लोक त्याच्या कार्यक्रमाची वाट पाहात. त्या मनुष्याचे नाव एड सलिव्हन.

एड सलिव्हन यांचा जन्म 28 सप्टेंबर 1901 रोजी न्यूयॉर्क शहरातील हार्लेम या भागात झाला. त्यांच्याबरोबर जन्मलेला जुळा भाऊ तान्हेपणीच वारला. वडील जकात खात्यात नोकरीस होते. पुढे हे कुटुंब न्यूयॉर्कच्या ईशान्येस, कनेक्टिकट राज्याच्या सीमेला लागून असलेल्या पोर्ट चेस्टर या लहानशा गावी राहावयास गेले. अभ्यासात एडची विशेष चमक नव्हती. मैदानावर मात्र तो सर्वांच्या पुढे असे. बेसबॉल, फुटबॉल, बास्केटबॉल, धावणे अशा अनेक खेळांत त्याने शाळेचे नाव राखले.

या खेळांनीच त्याला आयुष्यभर पुरेल असा एक धडा दिला. बेसबॉलच्या सामन्यांसाठी शाळेचा संघ कनेक्टिकटमधील गावोगावी जाई. तेथील काही संघांत कृष्णवर्णीय मुलेही खेळत. चेंडू जोराने कोण फेकतो, फळी नेमकी कोण चालवितो, एवढाच हिशेब मैदानावर असे. खेळणाऱ्याच्या कातडीचा रंग कोणता, हा प्रश्न तेथे उद्भवत नसे. सलिव्हन पुढे सांगत, की कृष्णवर्णीय मनुष्य आपल्याहून हीन आहे ही कल्पना मला कधी पटली नाही, त्याचे कारण हे खेळाचे मैदान.

परंतु मैदानाबाहेरील अमेरिका तशी नव्हती. त्या देशात कित्येक पिढ्या आफ्रिकेतून धरून आणलेल्या लोकांना गुलाम म्हणून राबविण्यात आले होते. 1865 साली गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. तथापि तिची मुळे समाजाच्या मनातून उपटली गेली नाहीत. दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा निराळ्या होत्या, गाडीतील बसण्याच्या जागा निराळ्या होत्या. फार काय, पाणी पिण्याचे नळसुद्धा निराळे होते. उत्तरेत असे कायदे नसले, तरी भेदभाव होताच. नाट्यगृहात कृष्णवर्णीय गायकाच्या गाण्याला टाळ्या पडत. परंतु गाणे संपल्यावर त्याच्याशी हस्तांदोलन करणे अनेक गोऱ्या गृहस्थांस कमीपणाचे वाटे.

शाळा संपल्यावर सलिव्हन वृत्तपत्रांच्या धंद्यात शिरले. आरंभी गावच्या वृत्तपत्रात खेळांच्या बातम्या लिहून पुढे ते न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत क्रीडालेखक झाले. 1929 साली एक प्रसंग घडला. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या फुटबॉल संघात डेव्ह मायर्स नावाचा एक कृष्णवर्णीय खेळाडू होता. दक्षिणेकडील जॉर्जिया विद्यापीठाच्या संघाशी सामना ठरला, तेव्हा काळ्या खेळाडूशी खेळणे पाहुण्यांस रुचणार नाही म्हणून मायर्सला बाहेर बसविण्यात आले. आपल्याच विद्यार्थ्याचा असा अवमान करणाऱ्या विद्यापीठावर सलिव्हन यांनी आपल्या लेखणीने कडक कोरडे ओढले. अठ्ठावीस वर्षांच्या तरुण वार्ताहराने एका नामांकित संस्थेस असे बोल लावणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

पुढील वर्षी त्यांचा सिल्व्हिया वाइनस्टीन यांच्याशी विवाह झाला. सलिव्हन कॅथलिक आणि सिल्व्हिया ज्यू. दोन्ही घरांतून या विवाहास विरोध होता. माणसामाणसांत उभारलेल्या भिंतींचा अनुभव त्यांस असा घरातही आला.

1932 पासून ‘डेली न्यूज’ या वृत्तपत्रात सलिव्हन नाटके, नट आणि गायक यांच्याविषयी सदर लिहू लागले. हे सदर त्यांनी अखेरपर्यंत चालविले. लिहिण्यासाठी त्यांस रोज नाट्यगृहांतून हिंडावे लागे. कोणता नवा गायक तयारीचा आहे, कोणत्या नकलाकाराला लोक मनापासून हसतात, कोणाचे नुसतेच नाव मोठे आहे, याची पारख करण्याची दृष्टी त्यांस या भटकंतीने दिली. मदतनिधीसाठी होणाऱ्या करमणुकीच्या कार्यक्रमांतून सूत्रधाराचे कामही ते करू लागले.

इतक्यात दूरचित्रवाणीचा उदय झाला. 1948 साली अमेरिकेतही फार थोड्या घरांत दूरचित्रवाणी संच होते. सीबीएस या प्रक्षेपण संस्थेने रविवारच्या रात्रीसाठी विविध करमणुकीचा एक कार्यक्रम योजिला आणि त्याचे सूत्रधारपण सलिव्हन यांस दिले. 20 जून 1948 रोजी ‘टोस्ट ऑफ द टाउन’ या नावाने तो सुरू झाला. 1955 साली त्याचे नाव ‘द एड सलिव्हन शो’ असे झाले.

पहिल्या काही महिन्यांत टीकाकारांनी सलिव्हन यांची फार थट्टा केली. हा मनुष्य हसत नाही, शब्द अडखळत उच्चारतो, पाहुण्यांची नावेही चुकवितो, मग हा सूत्रधार कसला, असे वृत्तपत्रे विचारू लागली. एका विनोदी नटाने तर असा टोमणा मारला, की इतर लोकांच्या अंगी गुण आहेत तोवर सलिव्हन टिकेल! टोमणा थट्टेचा खरा. परंतु त्यात सलिव्हन यांच्या यशाचे सारे मर्म होते. आपण कलावंत नाही हे ते पुरते जाणून होते. त्यांची नक्कल करणारे अनेक नकलाकार पुढे उदयास आले. त्यांच्यावर न रागावता सलिव्हन यांनी त्यांस आपल्याच कार्यक्रमात बोलाविले आणि स्वतःची नक्कल लोकांस दाखविली.

कार्यक्रमाची रचना मोठ्या विचाराने केलेली असे. त्या काळी घरात एकच संच असे आणि आजोबांपासून नातवापर्यंत सारे कुटुंब त्याच्यापुढे बसे. म्हणून एका तासात प्रत्येकासाठी काही तरी असावे, असा सलिव्हन यांचा आग्रह होता. मारिया कॅलससारख्या थोर गायिकेने गंभीर संगीतिकेतील प्रवेश सादर करावा, तर दुसरीकडे काठ्यांच्या टोकांवर बशा गरगर फिरविणाऱ्याने मुलांचा श्वास रोखून धरावा. रशियाचे मोइसेयेव्ह नृत्यपथक, सर्कशीतील कसरतपटू, शब्दभ्रमकार, टोपो जिजो नावाचा इटलीचा बोलका बाहुला उंदीर, या साऱ्यांस या रंगमंचावर जागा होती. रविवारी दुपारी प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम होई. त्या वेळी सलिव्हन प्रेक्षकांचे चेहरे न्याहाळीत. कोठे लोक कंटाळतात, कोठे रंगतात, हे पाहून ते प्रवेशांचा क्रम बदलीत, कोणाची वेळ कमी करीत, तर कोणास वगळूनही टाकीत. रात्री जिवंत प्रक्षेपण होई. त्यात झालेली चूक पुसता येत नसे.

1958 साली या रंगमंचावर इस्राएलहून आलेला तेरा वर्षांचा एक मुलगा बसला. चवथ्या वर्षी झालेल्या पोलिओने त्याचे पाय निकामी केले होते. त्याने व्हायोलिन हनुवटीखाली धरले आणि वाजवावयास सुरुवात केली. त्या वादनाने अमेरिकेत त्याचे नाव झाले. तो न्यूयॉर्कमध्ये राहून संगीत शिकला आणि पुढे जगद्विख्यात झाला. तो मुलगा म्हणजे इत्झाक पर्लमन.

सलिव्हन यांचा अंदाज कधी चुकतही असे. एल्विस प्रेस्ली हा तरुण गायक गाताना अंगविक्षेप करतो म्हणून त्याला आपल्या कार्यक्रमात घेणार नाही, असे त्यांनी सांगून टाकले होते. परंतु लोकांचा कल त्यांनी ओळखला आणि आपला शब्द मागे घेतला. 9 सप्टेंबर 1956 रोजी प्रेस्लीचे गाणे सुमारे सहा कोटी लोकांनी पाहिले. मोटारीच्या अपघातामुळे सलिव्हन त्या रात्री येऊ शकले नव्हते. प्रेस्ली तिसऱ्यांदा आला तेव्हा मात्र हा मुलगा मोठा सभ्य आणि गुणी आहे, असे त्यांनी साऱ्या देशासमोर सांगितले. 1963 च्या ऑक्टोबरात लंडनच्या विमानतळावर त्यांनी हजारो तरुणतरुणींची गर्दी पाहिली. चौकशी करता कळले, की बीटल्स नावाचे चार गायक परदेशाहून परतत आहेत. सलिव्हन यांनी लवकरच त्यांस निमंत्रण दिले. 9 फेब्रुवारी 1964 रोजी ते चौघे अमेरिकेत प्रथमच या कार्यक्रमात गायिले. नाट्यगृहात 728 आसने होती आणि तिकिटांसाठी सुमारे 50,000 अर्ज आले होते! घरोघरी तो कार्यक्रम पाहणाऱ्यांची संख्या सात कोटींहून अधिक होती.

सलिव्हन यांच्या लोकप्रियतेच्या या कथा अमेरिकेत सर्वांस ठाऊक आहेत. परंतु त्यांचे खरे मोठेपण एका निराळ्या गोष्टीत आहे.

दूरचित्रवाणीचा खर्च जाहिरातदारांच्या पैशावर चालतो. सलिव्हन यांच्या कार्यक्रमाचा खर्च कित्येक वर्षे मोटारी बनविणाऱ्या एका मोठ्या कंपनीने सोसला. आरंभापासूनच सलिव्हन यांनी कृष्णवर्णीय कलावंतांस मानाने बोलाविले होते. लुई आर्मस्ट्राँग, एला फिट्झजेराल्ड, नॅट किंग कोल, पर्ल बेली अशी थोर मंडळी तेथे येत. गाणे संपले की सलिव्हन पुढे होऊन, इतर पाहुण्यांशी वागत तसेच, त्यांच्याशीही वागत. एकदा त्यांनी नॅट किंग कोल यांच्याशी हस्तांदोलन केले आणि पर्ल बेली यांच्या गालाचे चुंबन घेऊन त्यांचे अभिनंदन केले. पाश्चात्त्य रिवाजाप्रमाणे हे साधे शिष्टाचार होत. परंतु दक्षिणेकडील मोटारविक्रेत्यांचा संताप झाला. काळ्या माणसांस बोलवावयाचे असेल तर बोलवा, पण त्यांच्याशी अशी सलगी नको. आमची गिऱ्हाइके तुटतील, असे त्यांनी कळविले. कार्यक्रमाची पोशिंदी कंपनी ज्यांच्या विक्रीवर चाले, त्यांचेच हे बोलणे होते. सलिव्हन यांनी ते मानले नाही. कृष्णवर्णीय कलावंत येत राहिले आणि सलिव्हन त्यांच्याशी हात मिळवीत राहिले.

1949 च्या नोव्हेंबरात बिल रॉबिन्सन नावाचे थोर नर्तक वारले. बुटांच्या टाचांनी आणि चवड्यांनी जमिनीवर ताल धरण्याच्या नृत्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. आयुष्यात त्यांनी पुष्कळ मिळविले आणि तितकेच वाटून टाकले. मरणसमयी त्यांच्यापाशी काही शिल्लक नव्हते. त्यांची अंत्ययात्रा इतमामाने निघाली. हार्लेमच्या रस्त्यांवर दुतर्फा लोक उभे होते. या साऱ्याचा खर्च आपले नाव पुढे येऊ न देता सलिव्हन यांनी केला होता.

या उघड्या दाराचा परिणाम किती दूरवर झाला हे पाहावयाचे, तर 1964 च्या डिसेंबरातील एका रविवारची गोष्ट ऐकावी. त्या रात्री ‘सुप्रीम्स’ नावाच्या तीन तरुण कृष्णवर्णीय गायिका सलिव्हन यांच्या कार्यक्रमात प्रथमच आल्या. त्यांचा वेष राजकन्यांसारखा होता आणि त्या मोठ्या डौलाने गात होत्या. एका घरात दहा वर्षांची एक कृष्णवर्णीय मुलगी ते दृश्य पाहात होती. आपल्यासारख्या स्त्रिया इतक्या मानाने दूरचित्रवाणीवर तिने कधी पाहिल्या नव्हत्या. तिने आनंदाने आपल्या ओळखीच्या लोकांस दूरध्वनी करून ही वार्ता कळविली. ती मुलगी म्हणजे पुढे स्वतः दूरचित्रवाणीवरील विख्यात निवेदिका झालेली ओप्रा विन्फ्री. त्या रात्रीची आठवण तिने अनेकदा सांगितली आहे.

सलिव्हन यांचे चरित्र सांगताना त्यांचे दोष झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ते शीघ्रकोपी होते. एखाद्या कलावंताशी बिनसले की त्यास पुन्हा बोलावीत नसत. याहून मोठी चूक भीतीपोटी झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कम्युनिस्टांविषयी फार धास्ती पसरली होती. नुसत्या संशयावरून अनेक लेखकांची आणि नटांची कामे जात. 1950 च्या आरंभी पॉल ड्रेपर नावाचा नर्तक सलिव्हन यांच्या कार्यक्रमात नाचला. त्याच्यावर असा संशय असल्यामुळे कंपनीकडे तक्रारींची पत्रे आली. तेव्हा सलिव्हन यांनी झाल्या गोष्टीबद्दल लेखी खेद व्यक्त केला आणि त्यानंतर, अशा संशयितांच्या याद्या छापणाऱ्या लोकांचा सल्ला घेऊन ते पाहुणे निवडू लागले. वर्णभेदापुढे न वाकलेला मनुष्य या भीतीपुढे वाकला. एका ठिकाणी धैर्य दाखविले म्हणजे ते सर्व ठिकाणी आपोआप येते असे नाही. प्रत्येक वेळी ते नव्याने गोळा करावे लागते, हे या प्रसंगावरून दिसते.

काळ बदलत होता. घरात एकाहून अधिक संच आले. तरुणांची आवड निराळी आणि वृद्धांची निराळी झाली. सारे कुटुंब एकत्र बसून एकच कार्यक्रम पाहण्याचे दिवस सरू लागले. 1971 साली सीबीएसने हा कार्यक्रम बंद केला. तोपर्यंत त्याचे एक हजारांहून अधिक प्रयोग झाले होते. 1973 साली सिल्व्हिया निवर्तल्या. पुढच्याच वर्षी, 13 ऑक्टोबर 1974 रोजी, सलिव्हन यांचे कर्करोगाने निधन झाले. तो दिवस रविवार होता.

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे या रस्त्यावरील ज्या नाट्यगृहातून हा कार्यक्रम होई, त्याला 1967 साली एड सलिव्हन यांचे नाव देण्यात आले. ज्याने कधी एक गाणे म्हटले नाही की एक पाऊल नाचून दाखविले नाही, त्याचे नाव आज त्या इमारतीवर आहे. गुणी होणे सर्वांच्या हाती नसते. परंतु दुसऱ्याचा गुण ओळखावा, त्यासाठी जागा करून द्यावी आणि कोणी रागावले तरी त्याचा हात सोडू नये, एवढे प्रत्येकास करता येण्यासारखे आहे.

शब्दार्थ

गुणग्राहक – दुसऱ्याच्या गुणांची कदर करणारा.
सदर – वृत्तपत्रात ठरावीक जागी नियमाने येणारे लेखन.
कोरडे ओढणे – कडक टीका करणे.
रंगीत तालीम – प्रयोगापूर्वी वेष व रंगभूषा यांसह केलेली पूर्ण तालीम.
शब्दभ्रमकार – ओठ न हलविता बोलून बाहुला बोलत असल्याचा भास निर्माण करणारा.
इतमाम – थाट, सन्मान.
शीघ्रकोपी – लवकर रागावणारा.

अभ्यास

1. खेळाच्या मैदानाने एड सलिव्हन यांस कोणता धडा दिला?
2. विनोदी नटाच्या टोमण्यात सलिव्हन यांच्या यशाचे मर्म होते, असे लेखक का म्हणतो?
3. मोटारविक्रेत्यांनी कोणती तक्रार केली? सलिव्हन यांनी ती मानली असती तर काय झाले असते, असे तुम्हांस वाटते?
4. डेव्ह मायर्स आणि पॉल ड्रेपर या दोघांच्या प्रसंगी सलिव्हन कसे वागले? दोन्ही प्रसंगांची तुलना करा.
5. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : नाव राखणे, बोल लावणे, शब्द मागे घेणे, हात धरणारा कोणी नसणे.
6. तुमच्या वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याचा, इतरांच्या लक्षात न आलेला एक गुण ओळखा. त्या विद्यार्थ्याची वर्गास ओळख करून देणारे पाच-सहा वाक्यांचे निवेदन तयार करा.